नेमापुरतं बळ

छऱ्याची बंदूक उघडली की आत फारसं काही निघत नाही. लोखंडाचं एक नळकांडं, त्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या, दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वायसर, मागे वीतभर स्प्रिंग आणि ती स्प्रिंग अडवून धरणारा पोलादाचा एवढासा दात. नळी मोडून खाली ओढली की दट्ट्या मागे जातो, स्प्रिंग दबते, दात अडकतो. चाप ओढला की दात सुटतो, दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढची हवा एका बारीक भोकातून छऱ्याच्या पाठीवर आदळते. पुष्कळांचा समज असा की या बंदुकीत हवा आधीच भरून ठेवलेली असते. तसं नसतं. नळी बंद केल्यावर आत असते ती अंगणातलीच हवा, साध्या दाबाची. चाप ओढल्यानंतर डोळ्याची पापणी लवायच्या आत तिचं जे काय व्हायचं ते होऊन जातं.

या एवढ्याशा यंत्रावर माझे कित्येक उन्हाळे गेले आणि ते सत्कारणी लागले असं मला मनापासून वाटतं.

आमचं रोहणा पुलगाव आणि आर्वीच्या मधलं. एके काळी पुलगावहून आर्वीला जाणारी नॅरोगेज गाडी रोहण्यावरून जायची; ती बंद पडली, पण म्हातारी माणसं अजून त्या गाडीच्या वेळांवरून दिवस मोजतात. मुलूख कापसाचा, आता सोयाबीन आणि तुरीचाही. माझे वडील जिनिंगमध्ये फिटर होते. घरात ठेवलेला मोठा वाइस, कानशींचा डबा, रंधा, पितळी हातोडी हे सगळं त्यांचं. मी शाळेत विज्ञान शिकवलं, पण त्या वाइसचा दांडा फिरवल्याशिवाय माझी सुट्टी कधी पुरी झाली नाही. निवृत्तीनंतर ओसरीचा एक कोपरा याच कामाला दिला.

बंदुका येतात त्या बहुधा तीन ठिकाणांहून. पहिलं ठिकाण म्हणजे जुने वाडे. आजोबांनी हौसेनं घेतलेली, नातवांनी माळ्यावर टाकलेली, पावसाळ्यांनी खाल्लेली बंदूक. दुसरं भंगाराचं दुकान. आणि तिसरं, मला सगळ्यात जवळचं, जत्रेतल्या फुगेवाल्याचं. कार्तिकात वर्धा नदीपलीकडे कौंडण्यपूरला जत्रा भरते. तिथं फळीवर फुगे लावून बंदूक हातात देणारी माणसं असतात. त्यांच्या बंदुकीनं जेवढे बार काढलेले असतात तेवढे कुठल्या नेमबाजाच्या बंदुकीनं आयुष्यात काढले नसतील. वायसर चिंध्या झालेला, स्प्रिंग आखडलेली, पुढची माशी एका बाजूला झुकलेली. तरी फुगा फुटतो, कारण फुगा मोठा असतो आणि चार पावलांवर असतो. ती बंदूक अगदीच थकली की फुगेवाला नवी घेतो आणि जुनी कुणीतरी माझ्याकडे आणून देतं.

मार्के पाहत बसायला मला आवडतं. बर्मिंगहॅमची बीएसए, तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची तिची खूण. आपल्याकडे बीएसए म्हटलं की सायकल आठवते, पण १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी एकत्र येऊन काढलेली ती कंपनी आहे. सायकल मागून आली. लिंकन जेफ्रीज या कारागिरानं घेतलेल्या पेटंटावरून तिनं १९०५ पासून हवेच्या रायफली काढल्या, आणि हवेची बंदूक पोराटोरांच्या खेळण्यातून उठून नेमबाजाच्या हातात गेली. जर्मनीतल्या राश्टाटची डायना; तिच्या शिक्क्यावर शिकारीची देवता एका हातात बंदूक उंचावून धनुष्यबाण फेकून देताना दिसते. आणि आपली 'नॅशनल'. वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीची. गावोगावच्या पाणीपुरवठ्याचे सिमेंटचे पाइप ज्या कंपनीनं केले तिनंच हवेच्या बंदुकाही केल्या, हे सांगितलं की लोक चकित होतात. मला ते साजेसं वाटतं. दोन्हीकडे काम एकच आहे, नळीतून जाणाऱ्या दाबाला गळू न देणं.

बंदुकीचं मर्म वायसरमध्ये आहे. लोक नळी पाहतात, लाकूड पाहतात, वजन हातात तोलून बघतात. पण दट्ट्याच्या तोंडावरची ती चामड्याची वाटी सुकून कडक झाली असेल तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. हवा तिच्या कडेनं निसटते, छर्रा नळीतून कसाबसा बाहेर पडतो आणि दट्ट्या मधे हवेची गादी न उरल्यानं थेट लोखंडावर आदळतो. तो आवाज कानाला कळतो. चांगल्या बंदुकीचा आवाज भरीव आणि आखूड असतो; वायसर गेलेली बंदूक पत्र्यासारखी वाजते.

हे वायसर मी आर्वीला करून घेतो. बसस्टँडच्या बाजूला चपला शिवणारे एक बाबा आहेत. त्यांचे वडील विहिरीवरच्या मोटा शिवायचे. मोटा गेल्या, हापसे आले, तेव्हा बाबांनी हापशाच्या बकेटा कापल्या. सायकलच्या पंपाचे वायसर तर किती कापले असतील याला गणतीच नाही. माझ्या वडिलांच्या जिनिंगमध्येही रोलरवर चामड्याच्या चकत्याच असायच्या, त्यांना चिकटून कापूस ओढला जायचा आणि सरकी मागे राहायची. आमच्या भागाचं पाणी, हवा आणि कापूस, तिन्ही चामड्यानं धरून ठेवलं होतं असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही. बाबांना मी पहिल्यांदा बंदुकीचा जुना वायसर दाखवला तेव्हा त्यांनी तो बोटात फिरवून पाहिला, कड नखानं दाबली आणि विचारलं, "पाण्याचा हाय का हवेचा?" हवेचा म्हटल्यावर त्यांनी पाठीकडचं घट्ट चामडं काढलं. पोटाकडचं चामडं ताणतं, हवेला ते चालत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

चामडं कोमट पाण्यात भिजवायचं. पुरतं मऊ झालं की नळकांड्याच्या मापाच्या भोकात लाकडी ठोकळ्यानं दाबून बसवायचं, म्हणजे त्याला वाटीचा आकार येतो. तसंच दाबून सावलीत वाळू द्यायचं. उन्हात वाळवलं की कड तडकते. वाळल्यावर धारदार पात्यानं वरची कड सारखी कापायची, मग तेलात मुरवत ठेवायचं. इथं तेलाची निवड महत्त्वाची. जनावरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल चामड्यासाठी जुन्या काळापासून नावाजलेलं. गोडं तेल किंवा एरंडेल घातलं तर काही महिन्यांत त्याचा चिकटा होतो. इंजिन ऑइल घातलं तर त्याहून वाईट: दट्ट्यानं हवा दाबली की ती एवढी तापते की तेलाची वाफ पेट घेते, शेतातल्या डिझेल पंपात जे होतं तेच इथं होतं. धडाड आवाज, नळीतून धूर, आणि पाहणारा खूश. आत मात्र वायसर करपतो आणि स्प्रिंग उलट धक्क्यानं मोडकळीला येते. धूर निघतो ती बंदूक जोरदार, असं मानणारी माणसं गावात अजून आहेत. त्यांना मी वायसर काढून त्याची काळी कड दाखवतो.

लाकडाचं काम वायसरपेक्षा सोपं आणि त्याहून आनंदाचं. दस्ता अक्रोडाचा असो की आपल्या सागाचा, त्यावरचं जुनं वार्निश उतरवलं की खाली माणसं दिसायला लागतात. गाल टेकायची जागा गुळगुळीत आणि काळपट झालेली असते. डावखुऱ्या माणसाची बंदूक असेल तर ती झीज उलट्या बाजूला असते. कुठं खाच, कुठं चेचलेली जागा. लाकूड नुसतं चेचलं असेल तर ते पुन्हा वर येतं: त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक टेकवायचं, वाफ लाकडाच्या दबलेल्या तंतूंत शिरते आणि ते फुगून उठतात. डोळ्यांदेखत खळगा भरून येतो. पण तंतू तुटला असेल तर वाफेचा उपयोग नाही. ती खाच मी तशीच ठेवतो. लांबी भरून, रंग लावून ती लपवता येते, पण लपवलेली खाच मला खुपते.

शेवटी जवसाचं तेल. पूर्वी आमच्याकडे रब्बीत जवस सर्रास असायचा, निळ्या फुलांची शेतं मी लहानपणी पाहिली आहेत. आता पेरा उरला थोडका, पण चटणीपुरता आणि तेलापुरता जवस अजून मिळतो. हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. म्हणून ते पातळ लावायचं, तळहातानं घासायचं, तळहात गरम होईस्तोवर घासायचं, आणि दुसरा हात देण्याआधी पहिला पुरता वाळू द्यायचा. घाई केली की वर चिकट साय धरते. तेलाचं फडकं मात्र कधीही बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना ते आतल्या आत तापतं आणि आपोआप पेटतं. मी ते दोरीवर पसरून वाळवतो, तेही घरापासून लांब.

नळीच्या लोखंडाचा रंग हा वेगळाच विषय आहे. बंदुकीची जी निळसर काळी झाक असते ती खरं म्हणजे गंजच. लोखंडावर मुद्दाम बारीक तांबडा गंज चढू द्यायचा, मग ते उकळत्या पाण्यात घालायचं. लोखंड आणि ऑक्सिजन तेच, पण प्रमाण बदलतं आणि तांबड्याचा काळा होतो. तो ब्रशनं झाडायचा, पुन्हा गंज, पुन्हा पाणी. काळा थर दाट झाला की तोच लोखंडाला तांबड्या गंजापासून वाचवतो. हे मला येतं, पण फार क्वचित करतो. नळी मोडताना जिथं हात पडतो तिथली काळी झाक उडून आतलं पांढरं पोलाद दिसत असतं. ती जागा कुणाच्या तरी हातानं केलेली आहे. गंज थांबवला, तेलाचा हात दिला, की पुरे. पुन्हा नवीकोरी दिसणारी जुनी बंदूक मला ओळख विसरलेल्या माणसासारखी वाटते.

ओसरीवर बंदूक उघडून बसलो की माणसं जमतात. विचारतात ते एकच. "काकाजी, याच्यानं डुक्कर मरन का जी?"

या प्रश्नाची मी टिंगल करू शकत नाही. रात्रभर मचाणावर बसून सकाळी लोळवलेलं पीक पाहणाऱ्या माणसाचा तो प्रश्न आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचं शेत उकरून टाकतो, रोही तुरीचे शेंडे खातात. सरकारी भरपाईचे अर्ज असतात, पंचनामे असतात, पण पीक गेलेलं असतं. तरी उत्तर द्यावंच लागतं. नाही मरत. छऱ्यानं डुक्कर मरत नाही, जखमी होतं. ती जखम सडते आणि जनावर आठवडाभर हाल काढतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय तो गुन्हा आहे, पाखरांवर छर्रे झाडणं हाही गुन्हा आहे. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "स्प्रिंग कडक टाकली तं?"

इथं मला थांबून सगळं सांगावं लागतं, कारण या कामातलं जे मला खरोखर कळलं आहे ते एवढंच आहे. स्प्रिंग कडक टाकली की नेम जातो.

हवेच्या बंदुकीत छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच बंदूक हललेली असते. दट्ट्या पुढे धावतो तशी बंदूक मागे ढकलली जाते; दट्ट्या हवेच्या गादीवर थबकतो तशी ती पुढे हिसकते. हे दोन्ही धक्के होत असताना छर्रा अजून नळीतच असतो. म्हणून ही बंदूक घट्ट पकडायची नसते. डाव्या तळहातावर नुसती टेकवायची, बोटं मोकळी ठेवायची, खांद्याला हलकेच लावायची आणि तिला जसं हलायचं आहे तसं दर वेळी हलू द्यायचं. दर बाराला ती सारखीच हलली तर छर्रे एका जागी जातात. स्प्रिंग कडक केली की धक्का वाढतो, धक्का वाढला की माणूस आपोआप मूठ आवळतो, मूठ आवळली की प्रत्येक बार वेगळा. बळ वाढलं आणि कागदावरची भोकं पांगली, हे मी लोकांना कागद लावून दाखवतो. कारखान्यानं ठरवलेली स्प्रिंग नेमापुरती असते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी बंदुकांत कुणीतरी कुठली तरी लांब, जाड स्प्रिंग कोंबलेली सापडते. ती काढून मूळ मापाची बसवली की बंदूक शांत होते, आणि बरोबर लागायला लागते.

रायफलीच्या इतिहासाकडे पाहिलं की हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. १८७० नंतरच्या काळात ब्रिटिश फौजेची मार्टिनी-हेन्री होती, अंगठ्याएवढी शिशाची गोळी फेकणारी. चापाखालचा दांडा ओढला की तिचं तोंड उघडायचं. ती फौजेतून निवृत्त झाली तेव्हा तिचा तोच साधा, भक्कम सांगाडा घेऊन त्यात बारीक नळी बसवण्यात आली. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी लांबून अचूक गोळ्या मारून ब्रिटिशांना जेरीस आणलं, त्यानंतर १९०१ साली इंग्लंडमध्ये लहान रायफलींच्या क्लबांची संस्था निघाली, आणि गावोगावी कामगार, कारकून संध्याकाळी त्या बारीक नळीच्या 'पॉइंट टू-टू'नं कागदावर नेम धरू लागले. जी यंत्रणा माणसं मारायला घडली होती तिच्यावर पुढे पन्नास मीटरच्या स्पर्धा झाल्या. इंग्लंडात, अमेरिकेत अशा जुन्या पॉइंट टू-टू रायफली घरी दुरुस्त करणारे हौशी लोक पुष्कळ. त्यांच्या कामाचं वर्णन वाचताना मला ते शेजारचेच वाटतात. तीच कानस, तेच जवसाचं तेल.

आपल्याकडे पॉइंट टू-टूची ओळख होते ती एनसीसीत. शिबिरात पालथं झोपून, खांद्याला रायफल लावून, श्वास अर्धा सोडून थांबायचं, आणि पाच गोळ्यांचा 'ग्रुप' जमवायचा. त्यातल्या पुष्कळ रायफली दिसायला पहिल्या महायुद्धातल्या थ्री-नॉट-थ्रीसारख्याच, कारण त्या मुळात त्याच होत्या. आतली नळी तेवढी बारीक केलेली. वस्ताद आधी बघायचे ते गोळ्या मध्याला लागल्या की नाही हे नाही, तर पाचही एकमेकींजवळ आहेत की नाहीत हे. एकत्र असतील तर मध्याला आणणं हे माशी सरकवण्याचं काम, पांगलेल्या असतील तर माणसाचं काम. महाराष्ट्राच्या नेमबाजीची पुष्कळशी वाट याच दारातून गेली आहे; अंजली भागवत रायफलीपर्यंत पोहोचल्या त्या एनसीसीतूनच.

आणि बळ कमी होत गेलं तसतसं लक्ष्य बारीक होत गेलं. पॉइंट टू-टूची गोळी साधारण सव्वाशे-दीडशे ज्यूल घेऊन निघते. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. दहा मीटरच्या हवेच्या रायफलीचा छर्रा जेमतेम आठ ज्यूलचा, आणि तिथं दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटर जाड, म्हणजे ठिपका त्याच्यापुढे पूर्णविरामाएवढाही नाही. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं, तिन्ही प्रकारांत पॉइंट टू-टू चालवून ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्रातल्या माणसाला मिळायला बहात्तर वर्षं लागली. त्या दिवशी आमच्या ओसरीवर मोबाइलभोवती जमलेल्या पोरांना मी रायफलीच्या गोळीचा आकार बोटावर दाखवत होतो, आणि त्यांना तो फार लहान वाटत होता.

पॉइंट टू-टू मी हातात घेतली ती एनसीसीत. घरी कधी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगता तर येत नाहीच, दुरुस्तही करता येत नाही. हवेची बंदूकदेखील २० ज्यूलच्या वर गेली किंवा तिची नळी साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी असली की २०१६ च्या नियमांनी परवान्यात येते. ही रेघ मला जाचक वाटत नाही. कडक स्प्रिंगच्या मागे लागलेल्या माणसाला मी हीही रेघ दाखवतो. कधी कुणी फडक्यात गुंडाळून जुनी ठासणीची बंदूक आणतो, पणजोबांची म्हणून. ती मी उलगडूनही पाहत नाही. सरळ पोलीस ठाण्याची वाट सांगतो. दुःख होतं, कारण त्या फडक्यात चांगलं काम असू शकतं. पण ते माझ्या हातांचं काम नव्हे.

यामागे आमच्या जिल्ह्याचंही काही आहे. पुलगावला सैन्याचा दारूगोळ्याचा मध्यवर्ती डेपो आहे, देशातला फार मोठा. आमच्याकडच्या घराघरांतली माणसं तिथं कामाला गेलेली आहेत. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर तिथल्या एका कोठारात आग लागली आणि ती विझवताना अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली. आसपासच्या गावांतले लोक पोरंबाळं घेऊन अंधारात घराबाहेर पडले. मग २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जण मेले, त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. रोजीवर गेलेली माणसं. डेपोपासून काही मैलांवर राहणाऱ्याला लोखंड आणि बळ यांच्याबद्दल बेफिकीर राहता येत नाही. भंगारातून काही उचलताना माझा हात आधी थांबतो. ओळखू न येणारी कुठलीही वस्तू मी घरी आणत नाही, पोरांनाही आणू देत नाही.

आणि त्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. तिथल्या माणसानं आपल्या आत्मकथेत, १९१८ च्या सैन्यभरतीच्या प्रसंगी, एका सबंध देशाच्या हातून शस्त्रं काढून घेणाऱ्या इंग्रजी कायद्याला त्या राजवटीच्या काळ्याकुट्ट कृत्यांत गणलं आहे. बंदूक माझ्या हातात पाहून सेवाग्रामचं नाव घेणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं. त्याच्या पुढचं मात्र मला तितकंच पटतं: हातात शस्त्र असूनही न मारणं याला अर्थ आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीत पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं पडली. त्या गावाला आष्टी शहीद म्हणतात. बंदुकीचं एक टोक तिकडे आहे, हे मी विसरत नाही. मला दुसऱ्या टोकाशी काम करायचं आहे, जिथं समोर कागद असतो आणि चुकलेल्या गोळीची शिक्षा फक्त गुण कमी होणं ही असते.

आमच्या अंगणात दहा मीटरची सुतळी बांधून मापलेली जागा आहे. टोकाला मातीनं भरलेला पत्र्याचा डबा, मागे जुन्या सतरंज्या, आणि त्या बाजूचं दार आतून बंद. शेजारची एक मुलगी आर्वीच्या कॉलेजात एनसीसीत आहे. रविवारी सकाळी येते. पहिले काही दिवस तिचे छर्रे उजवीकडे खाली जायचे. चाप ओढताना ती बोटाबरोबर सगळा पंजा आवळायची. मी तिला छर्रा न घालता, कागदावर नेमही न धरता, डोळे मिटून नुसतं बंदुकीचं वजन तळहातावर ठेवायला सांगितलं. मग फक्त श्वास. मग फक्त बोटाचं पेर. छर्रा सगळ्यात शेवटी. झाल्यावर हात साबणानं धुवायचे, शिसं असतं. हे मला तिला एकदाच सांगावं लागलं.

परवा ती पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे मारून उठली. कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "काकाजी, आता स्प्रिंग थोडी कडक टाकून देता का? शिबिरात वजन जास्त रायते, धक्का जास्त रायते."

"धक्का तिकडं भेटनच तुले," मी म्हटलं. "इकडं नाणं लहान कर."

तिनं खिशातून पन्नास पैशांचं जुनं नाणं काढून कागदावर ठेवून पाहिलं. दोन भोकं बाहेर राहिली.

दुरुस्त झालेल्या प्रत्येक बंदुकीचा दस्ता बसवण्याआधी मी आतल्या लाकडाच्या खोबणीत पेन्सिलीनं लिहून ठेवतो. कुणाचा शिक्का, वायसर कधी बदलला, चामडं कुठलं, कुठलं तेल. माझ्यानंतर ती कुणीतरी उघडणारच आहे, तेव्हा त्याला आत काय केलं आहे हे शोधत बसावं लागू नये. या मुलीच्या हातातली 'नॅशनल' कौंडण्यपूरच्या जत्रेतून आलेली. तिच्या खोबणीत आधीच कुणाच्या तरी अक्षरात एक साल आणि एक सही होती, दोन्ही पुसट. मी ती तशीच ठेवून खाली लिहिलं: माशी सरळ केली, चाप साफ केला, वायसर आर्वीचा. स्प्रिंग बदलली, मूळ मापाची टाकली.